शिकवणाऱ्याच्या पाठीशी कोण?

केबल ब्रिज झाल्यापासून आपल्यातली बरीच मंडळी ज्युबिली हिल्सहून हायटेक सिटीकडे त्याच वाटेने जातात. पुलाच्या अलीकडे, दुर्गम चेरुवूपासून जवळच, डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. त्याचा पत्ता पाहिलात तर त्यात 'प्रोफेसर जी. राम रेड्डी मार्ग' असं दिसेल. मी एकदा ऑफिसच्या कॅबमध्ये विचारलं, हे राम रेड्डी कोण? एकजण म्हणाला, आमदार असतील. दुसरा म्हणाला, बिल्डर असतील, ज्युबिली हिल्समध्ये दुसरं कोण असणार!

ते प्राध्यापक होते. उस्मानिया विद्यापीठात लोकप्रशासन शिकवायचे, १९७७ ते १९८२ तिथले कुलगुरू होते. पुढे तीन मोठ्या संस्थांची सूत्रं त्यांच्याकडे आली. आपण आयटीवाले, आणि आपल्या घरात एखादी तरी काकू, मावशी, वहिनी कॉलेजात शिकवते. म्हणून या माणसाबद्दल थोडं निवांत लिहावंसं वाटलं. कॉलेजात कसं शिकवायचं हासुद्धा अभ्यासाचा विषय आहे, त्यासाठी वेळ, माणसं आणि पैसा द्यावा लागतो, हे ओळखणारे प्रमुख आपल्याकडे फार थोडे झाले. त्यातले एक हैदराबादचे होते.

पण हैदराबादची गोष्ट राम रेड्डींच्याही आधीची आहे, आणि ती आपल्या मराठवाड्यातल्या घरांमध्ये शिरलेली आहे. माझे आजोबा नांदेडला निजामाच्या काळात शिकले. त्रिकोणाला ते शेवटपर्यंत 'मुसल्लस' म्हणायचे, गुणाकाराला 'जरब' आणि भागाकाराला 'तकसीम'. आम्ही नातवंडं हसायचो. आज कळतं की त्या शब्दांच्या मागे एक मोठा शैक्षणिक प्रयोग होता. १९१७ साली अकबर हैदरी यांनी निजामापुढे एक म्हणणं मांडलं: मुलांची निम्मी शक्ती इंग्रजी भाषा समजण्यात जाते, विषय बाजूलाच राहतो. त्यावर शेवटच्या निजामाने फर्मान काढलं, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि हिंदुस्थानी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, सगळं उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ उभं राहिलं. वैद्यकीसुद्धा उर्दूतून.

हे नुसत्या फर्मानाने झालं नाही. विद्यापीठाच्या आधीच 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग काढला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक, ज्यांचं कितीतरी आयुष्य औरंगाबादेत गेलं. विषयातले जाणकार आणि भाषेतले जाणकार एकत्र बसवून परिभाषा घडवली गेली, पगार देऊन पुस्तकं लिहून घेतली गेली. 'मुलाला कळत का नाही?' या प्रश्नासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा खर्च झाला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आता दुसरी बाजू. हैदराबाद संस्थानात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, शिवाय कानडी. उर्दू ज्यांची घरची भाषा ते थोडेच. म्हणजे इंग्रजीचं ओझं उतरवताना माझ्या आजोबांच्या पाठीवर उर्दूचं ओझं चढलं. (आमच्या आजोबांना उर्दूची गोडी लागली ती कायमची, पण त्यांच्या वर्गातले किती जण त्या पायरीवरच अडकले, ते कोणी मोजलं नाही.) शिकवण्याचा विचार झाला खरा, पण शिकणारा कोण आहे हे पाहायचं राहून गेलं. १९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं आणि तो प्रयोग संपला.

राम रेड्डींनी नेमका शिकणाऱ्यापासून विचार सुरू केला, असं मला त्यांच्या कामाकडे पाहून वाटतं. १९८२ साली आंध्र प्रदेश सरकारने हैदराबादेत देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ काढलं आणि त्यांना पहिलं कुलगुरू केलं. नाव तेव्हा आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ. बाबासाहेबांचं नाव १९९१ मध्ये दिलं गेलं. नमुना होता ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा. दहावी-बारावी सुटलेल्यांनाही पात्रता परीक्षा देऊन पदवीला बसता येईल अशी सोय होती. विद्यार्थी कोण? आरटीसीचा कंडक्टर, करीमनगरचा शेतकरी, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई.

इथे एक अडचण येते, जी नेहमीच्या कॉलेजात लपून राहते. वर्गात प्राध्यापक वाईट शिकवत असले तरी मुलं शेजारच्याला विचारतात, ट्यूशन लावतात, गाइड घेतात. गाडी कशीबशी पुढे जाते. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी रात्री दहा वाजता घरात एकटा असतो. धडा कळला नाही तर विचारायला कोणी नाही. मग तो धडाच शिक्षक झाला पाहिजे. म्हणून अशा विद्यापीठांत एक माणूस धडा लिहितो, दुसरा विषयतज्ज्ञ तो तपासतो, तिसरा भाषा पाहतो, चौथा मांडणी पाहतो. धड्याच्या सुरुवातीला 'हे वाचून तुम्हाला काय जमेल' ते लिहायचं, मध्येमध्ये छोटे प्रश्न टाकायचे, शेवटी उत्तरं द्यायची. आपल्याकडे कोड रिव्ह्यू जसा असतो तसाच हा प्रकार. चाळीस वर्षं वर्गाचं दार लावून एकट्याने शिकवलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना आपला मजकूर तीन जणांसमोर ठेवायला लावणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना ज्याच्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर सव्वीस कमेंट आल्या आहेत त्यालाच यावी.

त्या पुस्तकांचं मोल आजही दिसतं. ग्रुप-१, ग्रुप-२ परीक्षांची तयारी करणारी तेलुगू मुलं तेलुगू अकादमीच्या पुस्तकांबरोबर आंबेडकर मुक्त विद्यापीठाची पुस्तकं शोधत फिरतात. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा आबिद्सच्या रविवारच्या बाजारात 'ओपन युनिव्हर्सिटीचं पुस्तक' म्हटलं की दुकानदाराला जास्त सांगावं लागत नाही.

१९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, झालं आणि राम रेड्डी तिथेही पहिले कुलगुरू झाले. १९८७ साली इग्नूने पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले. एक होता व्यवस्थापनाचा, ज्याला मागणी असणार हे उघडच होतं. दुसरा होता दूरशिक्षण कसं द्यायचं याचा! कोट्यवधी लोकांना शिकवायला निघालेलं विद्यापीठ, हाताशी पैसे मोजके, राजकारण्यांची घाई, आणि पहिल्याच वर्षी शिकवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठी वाटते. नंतर १९९३ मध्ये इग्नूत शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दूरशिक्षणाचं संशोधन करणारी वेगळी संस्थाही झाली. तोवर राम रेड्डी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले होते, १९९१ ते १९९५. कॉलेजांना श्रेणी देणारी 'नॅक' ही त्यांच्याच काळातली, १९९४ सालची. १९९५ मध्ये त्यांचं निधन झालं.

हीच परंपरा मराठीत आली ती प्रा. राम ताकवले यांच्यामुळे. ते मूळ भौतिकशास्त्राचे, १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू ताकवले. पुढे तेही इग्नूचे कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद तुम्ही वाचलेलं असेल. आमच्या घरी ती पुस्तकं आत्यामुळे आली. तिची बारावी लग्नामुळे सुटली होती. दोन मुलं शाळेत गेल्यावर तिने नाशिकच्या विद्यापीठातून बी. ए. केलं. तिच्या पुस्तकांत मध्येच प्रश्न यायचे आणि आत्या ते पेन्सिलने सोडवायची. मला आठवतं, ती आजोबांना म्हणाली होती, "अण्णा, या पुस्तकाला कळतं मी कुठे अडकणार ते." पुस्तकाला कसं कळलं असेल? कोणीतरी आधी पाहिलं होतं म्हणून.

२०२३ मध्ये ताकवले सर गेले. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा एकही मेसेज आला नाही. असो.

आता जरा व्याख्येकडे, थोडक्यात. १९९० साली अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांनी असं मांडलं की नवं शोधणं ही विद्वत्ता आहेच, पण शिकवणं हीसुद्धा विद्वत्तेचीच एक जात आहे आणि विद्यापीठांनी तिला तशी वागणूक द्यावी. त्यातून एक चळवळच सुरू झाली. नुसतं चांगलं शिकवणं वेगळं. इथे प्राध्यापक स्वतःच्या वर्गाबद्दल प्रश्न विचारतो, पुरावा गोळा करतो, काहीतरी बदलून पाहतो आणि निकाल दुसऱ्या प्राध्यापकांसमोर ठेवतो. आपल्या ऑफिसात सर्व्हर पडला की पोस्टमॉर्टम लिहितो, तसंच. पण वर्गातली निम्मी मुलं नापास झाली की पोस्टमॉर्टम कोण लिहितो? 'बॅचच कमजोर होती' एवढ्यावर विषय मिटतो.

माझ्या वहिनी शहरातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला सी लँग्वेज शिकवतात. वर्गात आदिलाबाद, निजामाबादकडची तेलुगू माध्यमातून आलेली मुलं बरीच, चार-दोन आपली नांदेड-किनवटची. मुलांना प्रोग्रॅम पाठ असायचे, परीक्षेत जसेच्या तसे लिहायची. पण तोच प्रोग्रॅम चालवल्यावर स्क्रीनवर काय येईल ते सांगता यायचं नाही. वहिनींनी एक साधं काम केलं. तासाच्या शेवटी चिठ्ठ्या वाटायच्या: चार ओळींचा प्रोग्रॅम, उत्तर काय येईल ते लिहा, नाव लिहू नका. सहा आठवडे चिठ्ठ्या जमवल्या आणि चुकांचे गठ्ठे केले.

सर्वांत मोठा गठ्ठा कसला निघाला सांगू? 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' या ओळीचा. आपल्याला ती दिसतच नाही इतकी सवयीची. पण बारावीपर्यंत बीजगणित शिकलेल्या मुलासाठी ते समीकरण आहे, आणि समीकरण म्हणून ते चूक आहे. काही मुलांनी इमानदारीने लिहिलं होतं, 'हे शक्य नाही.' वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ही मुलं कमजोर नाहीत हो. त्यांना गणित येतं म्हणून ती अडलीत."

त्या वेळचे प्राचार्य जुने, मेकॅनिकलचे. वहिनी गठ्ठे घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी तीन गोष्टी केल्या, आणि तिन्हींना एक रुपयाही लागला नाही. एक सत्र वहिनींची परीक्षा-पर्यवेक्षणाची ड्यूटी काढली. दोन तुकड्यांना वेगवेगळ्या पद्धतीने शिकवायची परवानगी दिली. एका तुकडीत मुलं आधी जोडीने अंदाज लिहायची, मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. आणि एका शनिवारी सगळ्या विभागांना बसवून वहिनींना बोलायला लावलं. त्या शनिवारनंतर इलेक्ट्रिकलच्या एका सरांनी आपल्या विषयाच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. स्टाफरूममध्ये इन्क्रिमेंट आणि अपार्टमेंटच्या हप्त्यांशिवाय दुसरा विषय निघाला, हे वहिनींना जास्त अप्रूप.

दीड वर्षाने प्राचार्य निवृत्त झाले. नवं व्यवस्थापन आलं, त्यांना स्कोपसमधले पेपर हवेत, आकड्यात. वहिनींनी चिठ्ठ्यांवर लिहिलेला पेपर दाखवला तर उत्तर मिळालं, "मॅडम, हे तुमच्या डोमेनमधलं रिसर्च नाही." ड्यूट्या परत लागल्या. दोन तुकड्यांचा प्रयोग बंद. चिठ्ठ्या मात्र चालू आहेत. कागद वहिनी घरून नेतात.

या गोष्टीत वाईट माणूस कोणी नाही. व्यवस्थापन मोजमापाच्या मागे आहे, कारण आपणही मोजमापाच्या मागे आहोत. मुलांच्या प्रवेशाच्या वेळी आपण सगळे एनआयआरएफची यादी उघडतो. तिच्यात 'शिकवणं, शिकणं आणि संसाधनं' याला शंभरपैकी तीस गुण आहेत, वाचून बरं वाटतं. आत पाहिलं तर भर आहे विद्यार्थी किती, शिक्षकांचं प्रमाण काय, पीएच. डी. किती जणांची, खर्च किती यावर. मुलांना कळलं का, हा रकाना त्यात नाही. दुसरीकडे प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. विद्यापीठांत चार आठवड्यांचे, तीन आठवड्यांचे वर्ग वर्षानुवर्षं चालत आले. पण बढतीला प्रमाणपत्र लागतं म्हणून हजेरी लावणारे तिथे कमी नसतात. त्या वर्गातून परत आलेल्या शिक्षकाला त्याच्या कॉलेजात 'काय नवं करून पाहताय?' असं विचारणारं कोणी नसेल, तर प्रमाणपत्र फाईलला लागतं.

उलट दिशेची उदाहरणं आहेत. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले कार्ल वाईमन २००७ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा विद्यापीठाने विज्ञान शिकवण्याच्या सुधारणेसाठी मोठा निधी ठेवला. वाईमन यांनी तो एकेकट्या उत्साही शिक्षकाला वाटला नाही, पूर्ण विभागाला दिला, आणि विभागात खास या कामासाठी माणसं नेमली. उत्साही शिक्षक नोकरी बदलून जातो, विभाग तिथेच राहतो, हा त्यातला व्यवहार.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तिथे या विषयात पीएच. डी. करता येते. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्यांच्या प्रश्नांवर इंजिनिअरिंगच्याच संस्थेत संशोधन! २०१३ साली तिथल्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला: प्रश्न आधी एकट्याने सोडवायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात मांडायचं. या काळात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर कामात गुंतलेली आढळली. तिथलेच प्रा. दीपक फाटक यांनी ऑनलाइन जोडलेल्या केंद्रांमधून देशभरच्या इंजिनिअरिंग शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. उपक्रमाच्या नावातच दहा हजार शिक्षकांचं उद्दिष्ट होतं. वहिनींना चिठ्ठ्यांची कल्पना अशाच एका कार्यशाळेच्या चहाच्या सुट्टीत सुचली.

आणि आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे कंदीची आयआयटी हैदराबाद. पहिले संचालक प्रा. उदय देसाई यांच्या काळात तिथे 'फ्रॅक्टल' पद्धत आली. सहा महिन्यांच्या एका जाड अभ्यासक्रमाऐवजी अर्ध्या-एका क्रेडिटचे छोटे तुकडे करायचे आणि विद्यार्थ्याला आपली वाट निवडू द्यायची. वेळापत्रक आखणाऱ्यांचं डोकं नक्की उठलं असेल. असा बदल एकटा शिक्षक मनात आणूनही करू शकत नाही. तो वरूनच मान्य व्हावा लागतो.

या वर्षी माझ्या ताईचा मुलगा एमसेट देऊन काउन्सेलिंगला बसला. (आता नाव बदललंय, पण आपल्या तोंडी एमसेटच.) मी, ताई आणि तो अशी आम्ही चार कॉलेजं पाहिली. प्लेसमेंट, फी, बस, कॅन्टीन हे सगळं विचारलंच. शिवाय वहिनींनी एक प्रश्न लिहून दिला होता: पहिल्या वर्षी सर्वांत जास्त मुलं कोणत्या विषयात अडकतात, आणि त्यावर तुमच्या शिक्षकांनी काय करून पाहिलं?

पहिल्या दोन ठिकाणी 'आमचा निकाल नव्व्याण्णव टक्के आहे' असं उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणी आम्हाला प्लेसमेंट ऑफिसरकडे पाठवलं, कारण असल्या प्रश्नांचा विभाग कोणता ते रिसेप्शनला ठरवता येईना. चौथ्या कॉलेजात एक पन्नाशीच्या विभागप्रमुख बाई होत्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "इंजिनिअरिंग मेकॅनिक्स." मग कपाटातून एक पिवळी फाईल काढली. तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांमधली एकाच प्रकारच्या प्रश्नाची पानं झेरॉक्स करून लावलेली होती, कडेला लाल पेनने टिपणं. दर महिन्याला पहिल्या शनिवारी दुपारी त्यांच्या विभागाचे शिक्षक ती फाईल घेऊन बसतात. चहा-बिस्किटांचा खर्च प्राचार्यांच्या खात्यातून, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

भाच्याने त्या कॉलेजचा पर्याय सर्वांत वर टाकलाय. पहिल्या फेरीत हवी ती ब्रँच मिळाली नाही. दुसऱ्या फेरीची यादी लागायची आहे.